लाल अस्तर

चित्रांच्या दुकानाबाहेर दोरीला टांगलेलं नवं चित्र पाहून कानेमोन जागीच थबकला. आसुकायामाची टेकडी, फुललेली चेरी, चटईवर बसून डबे खाणाऱ्या बायका. वाऱ्याने त्यांतल्या एकीच्या साध्या, राखाडी, सुती किमोनोचा काठ उडाला होता आणि आतून लालभडक रेशमी अस्तर डोकावत होतं.

कानेमोनचा तेलाचा व्यापार. व्यापाऱ्यांच्याच काय, सरकारी अंमलदारांच्या बायकांनीही अंगाला रेशीम लावायचं नाही असं फर्मान होतं. सापडलं तर दुकानाला टाळं. म्हणून तर ओरिकुने, त्याच्या बायकोने, रेशीम आतून शिवून घेतलं होतं. लालच. आणि गेल्याच आठवड्यात ती त्याच टेकडीवर फुलं बघायला गेली होती.

त्याने चेहरा निरखून पाहिला. लांबट चेहरा, इवलंसं तोंड, बारीक डोळे. एदो शहरात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक चित्रातल्या प्रत्येक बाईचा असतो तस्साच. कानेमोनची खात्री पटली. ही ओरिकुच!

तो आत शिरला. "ओमासाबाई, तुमच्या चित्रकाराला कुणी सांगितलं हो?"

"काय सांगितलं?" दुकानाची मालकीण ओमासा म्हणाली.

"काही नाही. सहज आपलं. आहेत तेवढी सगळी द्या."

"सगळी? घरच्या कागदी दारांना भोकं पडलीत वाटतं?"

"पाहुणे यायचेत. गावाकडचे."

"तांदूळवाल्या शेटांकडेही पाहुणेच यायचेत म्हणे. काल गठ्ठा घेऊन गेले. सकाळी साके गाळणारे शेट. यंदा पाहुण्यांचं पीक चांगलं आहे."

तांदूळवाल्याला आपल्या बायकोची चित्रं कशाला हवीत? आणि त्या साकेवाल्याला?

गठ्ठा काखेत मारून तो वळला, तर दारात कमरेला दोन तलवारी लावलेला गस्तीचा अंमलदार. झडत्या घेणारा, अस्तरं उसवून बघणारा.

"त्यात काय आहे?"

"चित्रं, साहेब. फुलांची."

अंमलदाराने वरचं चित्र ओढून उजेडात धरलं. कानेमोनने डोळे मिटून घेतले. बराच वेळ झाला, तरी काहीच घडेना. म्हणून त्याने एक डोळा उघडला. अंमलदार अस्तराकडे पाहतच नव्हता. तो चेहरा निरखत होता, आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"काही वावगं आहे का त्यात, साहेब?" ओमासाने विचारलं.

"छे! अजिबात नाही." मग कानेमोनकडे सरकून, हळूच, "निम्मी मला द्या."

"अहो, भांडता कशाला?" ओमासा म्हणाली. "लाकडी ठसे घरातच आहेत. परवापर्यंत हवी तितकी छापून देते."

"नको!" दोघंही एकदम ओरडले.

ओमासाने एकदा तेलवाल्याकडे पाहिलं, एकदा तलवारींकडे. मग मान मागे वळवून तिने छापणाऱ्याला हाक मारली, "अहो, लाल रंग जरा जास्त कालवा!"