पन्नासची पाटी

धाकट्या भावाने जुळवलेलं गाडीचं सेटिंग चोरून मी कॉम्प्युटरवरच्या रेसिंगमध्ये पहिला आलो. तो एवढंच म्हणाला, "दादा, सेटिंग ठेव. माझ्यासारखा ब्रेक तुला जमायचा नाही." आणि घर सोडून गेला. सहा वर्षांत त्याचा फोन नाही. माझाही नाही, म्हणा.

या खेळात आपल्याच सर्वांत वेगवान फेरीची धूसर गाडी पुढे पळताना दिसते. तिसऱ्या वळणाआधी शंभर आणि पन्नास मीटरच्या पाट्या आहेत. मी कायम शंभरला ब्रेक लावतो. कालपासून माझी धूसर गाडी पन्नासला लावतेय. एवढी छाती माझी कधीच नव्हती.

आज स्टिअरिंग आणि पेडलांसमोरची खुर्चीही दोन खाचा पुढे सरकलेली. धाकट्याला तेवढीच लागायची.

"इथे कोण बसलं होतं?" मी बायकोला ओरडून विचारलं.

"कोण बसतंय त्या डबड्यासमोर! खोलीची किल्ली तुमच्याच खिशात असते ना?"

मी हट्टाने खेळातली गाडी काढली. आज पन्नासलाच! पण शंभरची पाटी दिसली आणि धीर सुटला. मी ब्रेकवर पाय टाकला.

तिथे आधीच एक अनवाणी पाय होता. तो पन्नासची वाट बघत होता.