नवसाचा हात

पेटत्या घरातून मिरेलाला बाहेर काढलं, तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत भाजला होता. तिची आई वाल्देनी तिथेच संत फ्रान्सिसला नवस बोलली, "लेकीचा हात बरा कर, लाकडी हात वाहीन."

इस्पितळात डॉक्टरांनी जखमेवर तिलापिया माशाची शुद्ध केलेली कातडी चिकटवली. "आई, मला तळू नकोस हं!" मिरेला खोकत खोकत हसायची. कातडी निघाली, तेव्हा खाली कोवळी, गुलाबी त्वचा आली होती.

कानिंदे गावच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये वाल्देनीचा नवस ऐकून सिस्टरने लाकडी हात कौतुकाने पाहिला. "लेकीला नाही आणलंस होय गं?"

"परवाच मूठमाती दिली तिला. धूर छातीत साचला होता."

"मग नवस कसला फेडतेस, बाई?"

वाल्देनी लाकडी बोटं कुरवाळत राहिली. "हात बरा झाला होता, सिस्टर. मी तेवढाच मागितला होता."