मधली रेघ

"विभाग एच, रांग नववी, खुर्ची चौदा!"

निवेदक दुसऱ्यांदा ओरडला. मध्यंतरात प्रेक्षकांतल्या एकाला सोडतीने मैदानात बोलवत होते. बास्केटबॉल स्पर्धेचा पहिलाच सामना, घरचं मैदान आणि विद्यापीठाच्या पोरी दोन गुणांनी मागे. व्हर्नाने शेजारच्या खुर्चीवरचा आकडा वाचला.

"अगं आर्डिस, तुझा नंबर लागलाय! ऊठ की."

"या गुडघ्यावर? तू जा."

"मी? मी जन्मात बास्केट टाकलेली नाही."

"म्हणूनच म्हणते, जा. नाहीतर त्या पुढच्या टकल्याला नेतील, आणि मग वर्षभर त्याची फुशारकी आपणच ऐकायची."

पिवळा टी-शर्ट घातलेली एक मुलगी तोवर पायऱ्या चढून आलीच. आर्डिसने व्हर्नाला पुढे ढकललं. मग एकाएकी तिची बाही घट्ट धरली.

"व्हर्ना, रेघेपाशी थांबू नकोस."

स्पर्धेचा मार्च लागला की व्हर्नाच्या घरी चूल बंद असे. फेब्रुवारीतच ती महिनाभराची कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेली जेवणं, करून फ्रीझरमध्ये रचून ठेवी. फ्रिजच्या दारावर सगळ्या संघांचा तक्ता चिकटवलेला असे, पेन्सिलीने भरलेला, खोडून पुन्हा भरलेला. अंगातला पिवळा स्वेटर स्पर्धा संपेपर्यंत धुवायचा नाही. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा ती इथेच बसून रडली आणि रडता रडता पंचावर ओरडली. सव्वीस वर्षं शेजारी आर्डिस. खेळ कसा खेळायचा हे दोघींना ठाऊक होतं. एके काळी दोघी खेळल्या होत्या.

"सोपं आहे हो आजी," मैदानाच्या टोकाशी तिच्या हातात चेंडू देत पिवळ्या टी-शर्टवाली म्हणाली. "वीस सेकंद. चेंडू इथून न्यायचा, मधली रेघ ओलांडायची आणि त्या टोकाला टाकायचा."

सोपं! व्हर्ना शाळेत होती त्या काळी आयोवा राज्यातल्या शाळांत मुलींचा खेळ सहा-सहा जणींचा असे. तीन गार्ड रेघेच्या अलीकडे, तीन फॉरवर्ड पलीकडे. रेघेवर पाय पडला की शिट्टी. चेंडू दोनदाच आपटायचा, मग थांबायचं. गार्डने चेंडू हिसकावून रेघेपाशी आणून द्यायचा. बास्केट टाकायची फॉरवर्डने, आणि वर्तमानपत्रात फोटोही तिचाच यायचा. आर्डिस फॉरवर्ड होती. व्हर्ना गार्ड.

सहासष्टच्या मार्चमध्ये दोघींची शाळा राज्य स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचली. सगळं गाव दारं ओढून घेऊन राजधानीला, डे मॉइनला, लोटलं होतं. शेवटचे पाच सेकंद, एका गुणाची पिछाडी. व्हर्नाने रेघेपाशी वाकून चेंडू पुढे केला. पलीकडून आर्डिसने झेप घेऊन तो धरला. शिट्टी वाजली. पंचाने नुसतं रेघेकडे बोट केलं. दोघी एकाच संघाच्या, तेव्हा पाय कुणाचा हे सांगायची त्याला गरज नव्हती. चेंडू दुसऱ्या संघाला मिळाला.

तेव्हाची रीत अशी, की चूक जिची तिने आपणहून हात वर करायचा. व्हर्नाने खाली पाहिलं. एकसारखे चार पांढरे कॅनव्हासचे बूट रेघेभोवती एकमेकांत अडकले होते. आपलाच पाय असणार. तिने उजवा हात सरळ वर केला. चार हजार माणसांनी तो पाहिला.

परतीच्या वाटेवर वडिलांनी घरापर्यंत गाडीचा रेडिओ मोठ्याने लावून ठेवला. गावात तिचं नावच पडलं, 'रेघवाली'. तिच्या लग्नात कुणीतरी चर्चच्या तळघरात जमिनीवर खडूने आडवी रेघ ओढली. "नवरी, सांभाळून हं!" सगळे पोट धरून हसले. व्हर्नाही हसली. करवली असलेली आर्डिस तेवढी हसली नाही. तिने गुडघ्यांवर बसून रुमालाने ती रेघ पुसून काढली. निळा झगा पांढरा होईपर्यंत पुसत राहिली.

मैदानावरचा भोंगा वाजला. वीस सेकंद.

व्हर्नाने चेंडू एकदा आपटला, दोनदा आपटला आणि सवयीने हातात धरला. लोक हसले. "पळा आजी, पळा!" ती चेंडू छातीशी धरून चालत निघाली. पंधरा. चौदा. पुढे काळी जाड रेघ आली.

पाय थांबले.

बारा. अकरा. सगळं मैदान आता एका सुरात आकडे मोजत होतं. व्हर्ना खाली बघत होती. तिचा पांढरा बूट रेघेपासून बोटभर अंतरावर होता. हा नुसता रंग आहे, व्हर्ना. आता तो नियम नाही, तो पंच नाही, वडीलही नाहीत. तिने पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय जागचा हलेना. शहात्तर वर्षांची बाई, आणि रंगाच्या रेघेपाशी अडलेली. दहा.

तिने मान वर करून एच विभागाकडे पाहिलं, नवव्या रांगेकडे. सगळी रांग उभी राहून टाळ्या पिटत होती. आर्डिसही उभी होती, गुडघा विसरून. ती टाळ्या वाजवत नव्हती, ओरडतही नव्हती. ती थेट व्हर्नाकडे बघत होती. तिचा उजवा हात, त्या काळच्या रीतीने पंचासमोर धरायचा तसा, कानाला चिकटून सरळ वर होता, पंजा उघडा. ती तो खाली घेत नव्हती.

नऊ. आठ.

अठ्ठावन्न वर्षांनी व्हर्नाने पाय उचलला आणि रेघेच्या पलीकडे टाकला.