कवठाची चव

श्रीरंगच्या पोटात कुठलंच औषध टिकत नव्हतं. म्हणून मिरजेच्या औषधवाल्या तांबोळीबाईंनी त्याच्या मेंदूतली सगळ्यांत लाडकी चव यंत्रावर शोधली आणि त्या चवीत त्याचं औषध बनवलं. चव आपल्या हातच्या कटाच्या आमटीचीच निघणार, याबद्दल त्याच्या बायकोला, मृदुलाला, शंका नव्हती. तिने दुकानातच थेंबभर औषध जिभेवर ठेवलं. कवठ, गूळ आणि किंचित जिरं.

"आमच्याकडे कवठ येतच नाही," ती म्हणाली. "त्यांना वाससुद्धा चालत नाही."

"यंत्र सहसा चुकत नाही, ताई."

"मग कुणाच्या हातचं आहे, तेही सांगत असेल."

"तेवढं नाही सांगत."

"माझी आमटी घाला यात."

"घालते. पण मग पुन्हा उलटी होईल."

मृदुलाने बाटली तशीच पिशवीत टाकली.

घरी तिने चमचा श्रीरंगच्या तोंडाशी धरला. औषध जिभेवर पडताच त्याने डोळे मिटले आणि कितीतरी वेळ ते तोंडातच घोळवलं.

"कसं लागतंय?" तिने विचारलं.

"कडू आहे गं," तो डोळे न उघडता म्हणाला आणि चमचा चाटूनपुसून तिच्या हातात दिला.