बिनदोऱ्याची पपई

पपईच्या सातव्या ओळीत अकरा फळं बिनदोऱ्याची निघाली.

"यमुनाबाई, दोरा बांधायला विसरलात," बागेचा मुकादम देवचंद म्हणाला. यंत्रपतंग ज्या फुलावर उतरेल त्याच्या देठाला लाल दोरा बांधायचा, हे यमुनाबाईचं काम. फुलांचे परागकण नेणारे खरे पतंग संपून वीस वर्षं झाली होती. यंत्रानं शिवल्याशिवाय इथे फळच धरत नसे.

"विसरायला मी काय आज कामाला लागलेय? या ओळीत दोन महिने यंत्र फिरकलंच नाही. बघा तुमच्या मोबाइलात."

देवचंदनं बघितलं. बाई खरं बोलत होती.

मग यमुनाबाईला ओळीच्या टोकाची तगर आठवली. तिची पानं खाणाऱ्या बोटभर हिरव्या अळ्या, शेपटीवर शिंग असलेल्या. औषध फवारायला सांगितलं होतं, तिनं फवारलं नव्हतं.

"देवाला फुलं त्याच झाडाची नेते हो," ती पुटपुटली.

दिवेलागणीला दोघं तिथेच थांबले. यंत्राची घरघर नव्हती, नुसती पंखांची भिरभिर. एक हिरवा पतंग फुलासमोर हवेतच थांबला, लांबलचक सोंड आत घालून रस प्यायला आणि पुढच्या फुलाकडे गेला.

देवचंदनं पायातल्या चपला काढल्या.

यमुनाबाईचा हात सवयीनं त्या फुलाच्या देठाकडे गेला आणि थांबला. ती तगरीपाशी गेली. बायका वडाला गुंडाळतात तसा, रिळावरचा उरलेला सगळा दोरा तिनं झुडपाभोवती गुंडाळला.