आधी कान, मग तोंड

"आधी कान मिटायचे, मग तोंड उघडायचं. आणि ही पेटी कधी काढायची नाही," सेबेस्टियन पप्पांनी सुनेला बजावलं होतं. "माणसं नेमकं उलटं करतात. म्हणून तर घरं जळतात."

रिचेल हसली होती. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी तिच्याकडे होती, पप्पांकडे नव्हती.

पेटी साबणदाणीएवढी, पप्पांनी स्वतः जोडलेली. रिचेलच्या हॅम रेडिओचं, म्हणजे बिनतारी संचाचं, बोलायचं बटण दाबलं की ती तीनदा खट्ट वाजायची. पहिल्या खट्टला ऐकायची वाट बंद, दुसऱ्याला अँटेना बोलण्याकडे, तिसऱ्याला आवाज बाहेर. बटण सोडलं की तेच उलट्या क्रमाने. मधे टॉवर उभे राहिले तशी रिचेलला नायगावात पप्पांची राजोडी ऐकू येईनाशी झाली, म्हणून पप्पांनी तिच्या गॅलरीत बारीक आवाज मोठा करणारं एक नाजूक यंत्र बसवलं होतं. हा सगळा क्रम त्याला सांभाळण्यासाठी; बोलताना ते उघडं राहिलं तर जळायचं.

पॉलिन आठ महिन्यांची. दात येत होते, अंग कोमट असायचं. तिसऱ्या खट्टला ती हमखास दचकून उठायची. सोमवारी रिचेलने पेटी काढून खणात टाकली आणि तार सरळ जोडली. त्या संध्याकाळी पॉलिन उठली नाही.

पप्पांशी भांडण त्याच्या आदल्या दिवशी झालं होतं.

"पप्पा, दोन स्टेंट आहेत तुम्हाला. नायगावला राहायला या."

"चौघं उचलून आणतील तेव्हा येईन."

"असं बोलायचं नाही."

"मग असं विचारायचं नाही."

सोमवारपासून पप्पा गप्प. रोज संध्याकाळी सहाला ती हाक मारायची, समोरून नुसती खरखर. मोबाइल ते बंद करून कपाटात ठेवत; सणावारी बाहेर काढत. नवरा ब्रायन जहाजावर होता. त्याचा मेसेज दीड दिवसाने आला. 'पप्पाला ओळखतेस ना? रुसलाय. सोड दोन दिवस.'

आजारी लेकराला घेऊन रिक्षाने राजोडी गाठायचं तिच्या जिवावर आलं होतं. रविवारी मिस्सा झाली की जाऊ, असं तिने ठरवलं.

आपलाच सेट बिघडला असेल, असंही तिच्या मनात आलं होतं. तिने शेजारच्या विंगमधल्या फेबियनला बोलायला लावलं. त्याच्या हातातल्या छोट्या सेटवर राजोडी येत नसे, पण तो स्वतः तिला स्वच्छ ऐकू आला.

"वहिनी, तुमच्या सोफ्यावर बसून बोलतोय असं वाटतंय की नाही?"

"सोफ्यावर कुठला, कानात बसलायस."

"मग सेटला काय धाड भरलीय? धाड सासऱ्याला भरलीय."

शुक्रवारी दुपारी तिने पप्पांच्या शेजारी राहणाऱ्या रोझलीन आँटीला फोन केला.

"आँटी, पप्पा बरे आहेत ना?"

"त्याला काय होतंय? रोज संध्याकाळी त्या खोक्यात बोलत बसतो. आमच्या विहिरीपर्यंत ऐकू येतं."

"काय बोलतात?"

"ते तुमचं आल्फा-चार्ली मला काय कळतं, बाय? काल तर तासभर, तेच तेच. पानी प्यायला पन उठला नाय. बरं ऐक, आम्ही उद्या लग्नाला अर्नाळ्याला चाललो. सोमवारी येऊ."

रिचेलने फोन ठेवला. हायसं वाटलं, आणि मग राग आला. साऱ्या जगाशी तासभर. सुनेशी एक शब्द नाही.

त्या संध्याकाळी सहाला तिने बटण दाबलं. "नका बोलू, पप्पा. रात्रभर जागते मी, दिवसभर राबते. नवरा समुद्रात. तुमचा रुसवा काढायला माझ्यात त्राण नाही. उद्यापासून मीही हाक मारणार नाही."

खरखर.

शनिवारी सहा वाजले. ती सवयीने सेटसमोर बसली, पण बटणाला हात लावला नाही. पाच मिनिटांनी फेबियनचा आवाज आला.

"वहिनी, आज हाक नाही?"

"दमले रे."

"बरं केलंत. म्हाताऱ्यांना थोडं तंगवायला लागतं. आमचा आजा असाच होता, जेवायला बोलावलं की यायचा नाही, नाही बोलावलं की सगळ्यात आधी पाटावर."

तिला हसू आलं. पॉलिन टेबलाखाली रांगत गेली होती. तिथून ती तोंडात एक काळी तार घेऊन बाहेर आली.

"अगं, काय खातेस?"

रिचेलने तार तिच्या तोंडातून काढली. टोकाचा पितळी भाग लाळेने ओला झाला होता. अँटेनाची तार. पोरीने ओढून ओढून सेटच्या मागून उपटली होती.

"...आणि भाकरी मोजून चार," फेबियन बोलत होता. सोफ्यावर बसल्यासारखा. कानात बसल्यासारखा. अँटेना नसतानाही.

रिचेल हातातल्या तारेकडे बघत राहिली. मग सेटकडे. मग पेटी पडलेल्या खणाकडे.

तासभर, तेच तेच. पाणी प्यायलाही न उठता, तिलाच.

तिने रोझलीन आँटीला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग पॉलिनला कडेवर घेतलं, तार जागेवर घट्ट बसवली आणि बटण दाबलं.

"फेबियन, गाडी काढ. पप्पा, पाच दिवस तुम्ही मला उत्तर देत होतात, माझेच कान जळले होते. आता हे जे कुणी ऐकत असतील त्यांना सांगते. राजोडी, क्रूसाच्या मागे, निळ्या दाराचं घर. आत्ता जाऊन बघा. दार वाजवून परत फिरू नका, आत जा. तुमचं उत्तर मला ऐकू येणार नाही. तरी जा."