चिंच न लावलेली बाजू

थोआयनं पदक हातात घेतलं आणि आधी हुंगलं.

"मासळी घेताय का भाऊ?" समोर बसलेल्या म्हातारीनं विचारलं.

"तसंच समजा. या गल्लीत महिन्याला शंभर जुनी पदकं तयार होतात. माशाच्या खारात आठवडाभर बुडवली की पन्नास वर्षांची दिसतात. भिंगाला फसवता येतं, नाकाला नाही."

या पदकाला मासळीचा वास नव्हता. उदबत्तीचा होता.

म्हातारी पहाटेच्या बसनं बेन त्रेहून सायगॉनला आली होती. दुकानात शिरताच थोआयनं, घरात कितव्या, म्हणून विचारलं होतं. ती सातवी म्हणाली, तेव्हापासून तिथल्या रीतीनं ती सातवी ताई झाली होती.

"खरं आहे का, आणि कुणाचं, एवढं सांगा," ती म्हणाली. "पुतण्या म्हणतो, विकून टाक. सायगॉनच्या जुन्या, हरलेल्या फौजेचं लचांड घरात नको."

थोआयनं भिंग डोळ्याला लावलं. पितळी क्रूस, त्यामागं तिरक्या दोन तलवारी, मधे देशाचा नकाशा. नकाशाची किनार बोथट होती आणि केसभर डावीकडं सरकलेली. अमेरिकेत पाडलेल्या पदकांची किनार रेखीव असते. हे इथलंच. फितीचे चार लाल धागे उरले होते आणि त्यांत अडकलेला एक काळा पडलेला तारा. सगळ्यावर राखेचा थर. थोआयच्या पेटीत अशा पदकाची जागा अकरा वर्षं रिकामी होती.

त्यानं पदक उलटं केलं आणि कपाळाला हात लावला. मागची बाजू लखलखत होती.

"चिंच?"

"चिंच. टेटचं नवं वर्ष आलंय ना तोंडावर. पितरांच्या पाटावरची पितळी भांडी घासत होते, त्यात हेही घेतलं. एक बाजू झाल्यावर दिसलं काय आहे ते."

"जुनेपणा धुऊन निम्मी किंमत चिंचेनं खाल्ली, सातव्या ताई."

"मग उरलेल्या निम्म्याची सांगा."

त्यानं भिंग खाली ठेवलं. "खरं आहे. जुन्या फौजेत शौर्यासाठी देत. पळपुट्याला मिळत नसे."

म्हातारीनं टेबलाची कड धरली.

"आमचा चौथा भाऊ त्या फौजेत होता," ती म्हणाली. "गाव म्हणायचं, बंदूक टाकून पळाला आणि नदीत बुडाला. थोरला पलीकडच्या बाजूनं लढला. त्याचा हुतात्म्याचा कागद भिंतीवर आहे, फोटो पाटावर मधोमध. चौथ्याचा फोटो आईनं कधी मांडलाच नाही. नावसुद्धा काढलं नाही." ती पुढं वाकली. "म्हणजे हे त्याचंच ना?"

हो म्हणणं सोपं होतं.

"पदकावर नाव नसतं," थोआय म्हणाला. "नाव असतं कागदावर, आणि ते कागद लोकांनी सायगॉन पडलं तेव्हाच चुलीत घातले. हे खरं आहे, असं मी लिहून देईन. त्याचं आहे, असं नाही सांगता येणार."

टेबलाच्या कडेवरचा हात सुटला.

"मग पुतण्याचंच खरं. काय द्याल?"

"तीस लाख डोंग."

तिनं होकारार्थी मान डोलावली. थोआयनं खण उघडला. पैशांवरच त्याची वही होती. घेतलेल्या प्रत्येक वस्तूचा ठावठिकाणा तो आधी लिहून ठेवायचा.

"सापडलं कुठं?"

"उदबत्तीच्या पात्रात. आई त्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. वर्षाकाठी जळक्या काड्या उपटायच्या, बस. उन्हाळ्यात ती गेली, सत्त्याण्णवची होऊन. म्हणून यंदा राख मी चाळली."

थोआयची पेन्सिल थांबली. "हे राखेत मधेच होतं की तळाशी?"

"तळाशी. बुडाला चिकटलं होतं. सुरीनं सोडवावं लागलं."

"आणि पात्र मांडलं कधी?"

"थोरल्याचा कागद आला, त्याच आठवड्यात. आईनं स्वतः भाताचा पेंढा जाळून राख भरली."

थोआयनं वही मिटली.

"म्हणजे आधी हे ठेवलं, सातव्या ताई. राख नंतर. पहिली उदबत्ती त्याच्याही नंतर."

म्हातारीनं पदक जवळ ओढून घेतलं.

"सगळी तीन उदबत्त्या लावतात," ती हळूच म्हणाली. "आई चार लावायची. आम्ही हसायचो. म्हणायचो, म्हातारीला मोजता येत नाही. अठ्ठेचाळीस वर्षं हसलो आम्ही."

थोआयनं खण लावून टाकला.

"फोटो आहे त्याचा?"

"माझ्या पेटीत. कपड्यांखाली." तिनं नाक ओढलं. "टेटला मांडते. पुतण्या बोलेल."

"बोलू दे."

त्यानं पदक मऊ कापडात गुंडाळलं. पदक उलटंपालटं करताना काळ्या मखमलीवर चिमूटभर राख सांडली होती. रोज अशी धूळ तो फुंकून टाकत असे. आज त्यानं आधी पंखा बंद केला. मग बारीक कुंचल्यानं ती राख कागदावर ओढली, अगदी शेवटच्या कणापर्यंत, आणि पुडी बांधून म्हातारीच्या हातावर ठेवली.

"ही परत पात्रात घाला," तो म्हणाला. "आणि दुसऱ्या बाजूला चिंच लावू नका."